वेळासच्या पडवीतली वीस वर्षे

वेळासचा पहिला कासव महोत्सव २००६ साली झाला. त्याला वीस वर्षे होत असताना निघणाऱ्या या स्मरणिकेत महोत्सवाचा इतिहास मी लिहावा असे गावातल्या मंडळींनी सुचवले, तेव्हा मी अवघडले. मी वेळासची नाही, कोकणातलीही नाही. मी बालाघाटची. आमच्याकडे वैनगंगा आहे, सातपुड्याचे जंगल आहे, समुद्र मात्र नकाशावरच. गोंदियाहून विदर्भ एक्स्प्रेसने मुंबई, तिथून एसटीने मंडणगड आणि मग वेळास, असा प्रवास करून मी पहिल्यांदा इथे आले ती २०१२ च्या मार्चमध्ये. तेव्हापासून जमेल त्या वर्षी येत राहिले. ज्यांच्याकडे मी उतरते त्या काकूंना मी म्हटले, "काकू, गावातल्या कुणी लिहायला हवं हो." त्या तांदूळ निवडत होत्या. सूप खाली न ठेवताच म्हणाल्या, "तुम्ही आमच्या भावकीतल्या नाही ना, म्हणूनच तुम्ही लिहा."

संस्थेचा इतिहास म्हटला की कोनशिला, इमारत आणि पदाधिकाऱ्यांची यादी डोळ्यांपुढे येते. या महोत्सवाला तसे काही नाही. त्याची इमारत म्हणजे गावातल्या घरांच्या पडव्या, आणि त्याचे पदाधिकारी म्हणजे पहाटे किनारा चालणारी मुले आणि त्याच पहाटे चूल पेटवणाऱ्या बायका. कासव वाचले ते या दोघांमुळे, असे मला इतक्या वर्षांत पक्के वाटत आले आहे. किनाऱ्यावरच्या पहाऱ्याबद्दल पुष्कळ लिहिले गेले. चुलीबद्दल थोडे लिहिले गेले. म्हणून इथे चुलीकडे जरा जास्त वेळ थांबणार आहे.

त्याआधीचे वेळास

रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, मंडणगड तालुक्यात, सावित्री नदी समुद्राला मिळते तिथून जवळच वेळास आहे. खाडीच्या मुखाशी बाणकोटचा किल्ला, पलीकडच्या तीरावर हरिहरेश्वर. मराठी माणसाला हे गाव ऐकून माहीत असते ते नाना फडणवीसांमुळे. त्यांचे भानू घराणे मूळचे इथले. खाडीपलीकडच्या श्रीवर्धनचे भट पेशवे झाले, अलीकडच्या वेळासचे भानू फडणवीस झाले. दोन्ही घराणी घाट चढून गेली ती देशावरची झाली.

पुढे गाव सोडणाऱ्यांची वाट मुंबईकडे वळली. गिरणी, गोदी, कचेरी. शिमग्याला आणि गणपतीला येणारा चाकरमानी, दर महिन्याला येणारी मनीऑर्डर, आणि मागे राहिलेली मोठी घरे. चिऱ्याचे जोते, पुढे पडवी, मग ओटी, माजघर, मागे वाडीत नारळी-पोफळी. घर दहा-बारा माणसांसाठी बांधलेले आणि राहायला दोन. संपूर्ण कोकणाचे हे जुने दुखणे आहे. ते इथे सांगायचे कारण असे की पुढे पाहुण्यांसाठी जी जागा निघाली, ती या रिकाम्या झालेल्या पडव्यांत निघाली.

किनाऱ्यावर कासवे येत होतीच. ऑलिव्ह रिडले जातीची ही सागरी कासवे. मादी थंडीच्या दिवसांत रात्री वाळूवर येते, मागच्या पायांनी मडक्याच्या आकाराचा दीड फूट खोल खड्डा करते, त्यात शंभरेक अंडी घालते, वाळू ओढून अंगाने थोपटून सारखी करते आणि परत जाते. पिल्लांचे तोंड ती कधी पाहत नाही. ओडिशात गहिरमाथ्याला हजारो माद्या एकदम येतात. १९७४ साली त्या जागेची माहिती शास्त्रज्ञांच्या जगाला झाली. कोकणात तसे नाही. इथे कासव एकेकटे येते, रात्री येते आणि जाते, मागे फक्त वाळूवरचा माग राहतो.

त्या मागावरून अंडी शोधणारी माणसे गावोगाव होती. अंडी खाल्ली जात, विकली जात, ताकदीची म्हणून आजाऱ्याला दिली जात. देवळाच्या सभामंडपातल्या दगडी कासवाला हात लावून गाभाऱ्याकडे जाणारा माणूस किनाऱ्यावरची अंडी खणून घरी आणत असे, आणि त्यात त्याला वावगे वाटत नसे. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. समुद्र देतो ते घ्यायचे, एवढेच पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. माणसाने सोडलेली अंडी कोल्हा, कुत्री आणि घोरपड उकरत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात हे कासव पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या बरोबरीने. पण अनुसूची ही कागदावरची गोष्ट. ती किनाऱ्यापर्यंत पोहोचायला कुणीतरी चालत यावे लागते.

१९९२ ते २००२ : गरुडाच्या मागावर

चिपळूणला १९९२ साली 'सह्याद्री निसर्ग मित्र' ही संस्था स्थापन झाली. भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांची ही संस्था. सुरुवातीची वर्षे झाडे, पक्षी, शाळांतले कार्यक्रम आणि कोकणभर पायपीट यांत गेली. वेंगुर्ल्याजवळच्या समुद्रातल्या खडकांवर पाकोळ्यांची घरटी चोरली जात होती, ती चोरी थांबवण्याचे मोठे काम याच संस्थेने केले.

किनाऱ्यावर त्यांना खेचून आणले ते एका पक्ष्याने. पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड किनाऱ्यालगतच्या उंच झाडांवर घरटे बांधतो आणि तेच घरटे डागडुजी करून वर्षानुवर्षे वापरतो. त्याची घरटी मोजायला ही मंडळी गावोगाव हिंडत होती. वर पाहत चालणाऱ्या या माणसांना २००२ साली वेळासला खाली वाळूत अंड्यांची टरफले दिसली. चौकशी केली तेव्हा गावकऱ्यांनी काही लपवले नाही. कासवे येतात, अंडी घालतात, आम्ही काढतो. किती येतात? येतात बरीच.

इथे जो निर्णय झाला त्याबद्दल मला फार आदर वाटतो. कायदा हातात होता, तक्रार करता आली असती, दोन-चार जणांना धडा शिकवता आला असता. त्याऐवजी संस्थेने गावाशी बोलणे सुरू केले, आणि जे अंडी शोधण्यात तरबेज होते त्यांनाच राखणीचे काम दिले. ज्याला मागावरून घरटे कुठे आहे ते कळते, तोच ते राखू शकतो. इतर कुणाला ते वाळूत सापडणारही नाही. पंधरा-वीस फुटांच्या गोंधळलेल्या वाळूत नेमकी कुठे बोटे खुपसायची, हे ज्ञान पुस्तकात नव्हते, गावात होते. ते तसेच राहिले, फक्त त्याचे तोंड फिरले.

२००२ ते २०१० : पहारा आणि पाहुणे

पहिल्या हंगामात ५० घरटी राखली गेली आणि २,७३४ पिल्ले समुद्रात गेली. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी धरली तर हा हिशेब निम्म्याच्या थोडा वर जातो. आजच्या मानाने तो कमी वाटेल. पण ज्या किनाऱ्यावरची अंडी बाजाराला जात होती, त्या किनाऱ्यावरचा हा पहिला हंगाम होता, आणि काम करणारे सगळे शिकत शिकत करत होते.

कामाची रीत तेव्हा बसली ती आजही तीच आहे. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत रोज, उजाडायच्या आधी, कासवमित्र, म्हणजे राखणीचे काम घेतलेला गावकरी, किनाऱ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालतो. भरतीची रेघ ओलांडून वर गेलेला माग दिसला की घरटे शोधायचे, हाताने वाळू काढायची, अंडी एकेक करून उचलायची. अंडे पिंगपाँगच्या चेंडूएवढे, पांढरे, आणि कवच मऊ. पहिल्या काही तासांतच ते हलवावे लागते. नंतर आतला गर्भ कवचाला चिकटतो, आणि अंडे फिरले की तो मरतो. म्हणून उचलताना वरची बाजू वरच ठेवायची. मग जाळीने बंदिस्त केलेल्या जागेत, हॅचरीत, कासवाने केला असता तसाच मडक्यासारखा खड्डा करून त्यात अंडी ठेवायची, वाळू घालायची, आणि वर पाटी लावायची : तारीख, अंड्यांची संख्या, घरट्याचा क्रमांक.

मी बालाघाटची असल्यामुळे ही जाळी पाहिली की मला कान्हा आठवते. मुक्कीच्या बाजूने, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या बाजूने, कान्हात शिरणाऱ्याला बारशिंगे पाहायला मिळतात. कडक जमिनीवर राहणारे ते बारशिंगे १९७० साली अवघे ६६ उरले होते. कुंपण घालून, पाडसे सुखरूप वाढवून त्यांची संख्या सावरली. तिथेही कुंपण हरणासाठी बंदिवास नव्हते, काही महिन्यांचा आसरा होता. वेळासची जाळीही तशीच. पंचेचाळीस ते साठ दिवस अंडी तिच्यात असतात. नंतर समुद्र.

अंडी राखायला माणूस लागतो आणि माणसाला मानधन लागते. एक संस्था हे किती वर्षे पेलणार? आणि गावाने तरी का पेलायचे? कासव वाचवल्याने गावाच्या पदरात काय पडते, हा प्रश्न कुणी मोठ्याने विचारला नसेल, तरी तो होता. त्याचे उत्तर म्हणून २००६ साली कासव महोत्सव सुरू झाला. पिल्ले बाहेर पडतात त्या दिवसांत लोकांना वेळासला बोलवायचे, सकाळी आणि संध्याकाळी पिल्ले समुद्राकडे जाताना दाखवायची, आणि उतरायची सोय गावातल्या घरांत करायची. पाहुण्यांचे पैसे त्या घरांना मिळतील.

वाचायला हे सोपे वाटते. पण शहरातल्या अनोळखी माणसांना घरात घ्यायचे, त्यांना पडवीत झोपवायचे, त्यांच्यासमोर माजघरातून वावरायचे, आणि वर त्याचे पैसे घ्यायचे. पाहुण्याकडून पैसे घेणे ही गोष्ट कोकणातल्या घराला किती जड गेली असेल, ते तिथे राहिल्याशिवाय कळत नाही. काकू सांगतात, पहिल्या वर्षी पाहुणे निघाले तेव्हा पैसे हातात घ्यायला त्या पुढे आल्याच नाहीत. पाहुण्यांनी ते देवापुढे ठेवले. त्यांचे यजमान म्हणाले, "देवापुढचे आहेत, आता उचलायला हरकत नाही." पुढच्या वर्षीपासून रीतच पडली. त्या घरी आजही पैसे देवघरापाशी ठेवले जातात.

ही आठ वर्षे सगळी सुखाची गेली असे नाही. २००९ च्या नोव्हेंबरात फयान वादळाने किनारपट्टीला तडाखा दिला तो नेमका हंगामाच्या तोंडावर. कुठल्या घरी किती पाहुणे, कुणाची पाळी आधी, यावरून बोलणे होणारच. ते गावातच बसून मिटवले गेले, आणि ते तिथेच राहू दे.

२०१० ते २०१९ : घराघरांतला हंगाम

२०१२ मध्ये मी आले तेव्हा महोत्सव चांगला रुळला होता. आमच्याबरोबर माझी आठ वर्षांची भाची होती. वैनगंगेत पोहणारी मुलगी, पण समुद्र पहिल्यांदाच पाहत होती. गाडीतून उतरल्यावर सामान कुठल्या घरी न्यायचे ते सांगायला एक जण आला. काकूंनी पडवीत चटया आणि त्यावर गोधड्या घातल्या होत्या. आमच्याआधी ठाण्याचे एक कुटुंब तिथे होते. सात जण एका ओळीत झोपणार. मला वाटले, रात्रभर झोप लागायची नाही. ती लागली. मध्यरात्री वाडीतून झावळ्यांचा आवाज येत होता, आणि लांबून समुद्राचा.

पहाटे पाचला जाग आली ती आतून येणाऱ्या खडखडाटाने. सोळा माणसांचा चहा चुलीवर चढला होता. काकू आणि त्यांच्या सूनबाई, दोघीच. एक नारळ खवत होती, दुसरी पोह्यांसाठी कांदा चिरत होती. सकाळी सातला पिल्ले सोडायची, म्हणजे त्याआधी चहा, परत आल्यावर नाश्ता, दुपारी जेवण, संध्याकाळी सहाच्या आत पुन्हा चहा, रात्री जेवण. जेवणात भात, आमटी, वालाची उसळ, फणसाची भाजी, सोलकढी, आणि दुसऱ्या दिवशी उकडीचे मोदक. माझ्या भाचीने सहा खाल्ले. काकूंनी मोजले होते. अजूनही दरवर्षी विचारतात, "सहा मोदकवाली कुठेय?"

ही कामाची मोजदाद कुठल्याच नोंदवहीत नाही. घरट्याची तारीख लिहिली जाते, अंडी मोजली जातात, पिल्ले मोजली जातात. किती भाकऱ्या थापल्या, किती कळशा पाणी भरले, किती गोधड्या धुतल्या, हे कुणी लिहिले नाही. महोत्सवाच्या वीस वर्षांचे श्रेय वाटताना गावातल्या सगळ्या घरांतल्या बायकांचे नाव पहिले घ्यावे, अशी माझी विनंती आहे. नावे वेगवेगळी देत नाही, कारण कुणाला वगळावे हे ठरवता येणार नाही.

त्या पहिल्या दिवशी सकाळी किनाऱ्यावर काही नव्हते. कासवमित्राने घरट्यावर पालथी ठेवलेली वेताची टोपली उचलली, वाळू तशीच सपाट होती. त्याने दुसरी उचलली, तिसरी उचलली. "ताई, आज एकही वर आलं नाही. संध्याकाळी बघू." भाचीचा चेहरा पडला. संध्याकाळीही टोपलीखाली काही नव्हते. कासवाची तारीख देता येत नाही, हे इथे आलेल्या प्रत्येकाला एकदा तरी ऐकावे लागते. वाळू तापली तर पिल्ले लवकर, गार राहिली तर उशिरा. नर व्हायचे की मादी, हेसुद्धा वाळूची ऊब ठरवते. जास्त ऊब असली तर माद्या. परगावाहून दोन दिवसांची सुटी काढून आलेल्या माणसाला हे समजावून सांगणे सोपे नाही. घरी जेवताना काका तेच सांगत होते : "तुमच्या गाडीचं आरक्षण त्याला माहीत नाही."

तिसऱ्या दिवशी सकाळी एका टोपलीखालची वाळू मध्ये बशीसारखी खचलेली दिसली. कासवमित्र म्हणाला, "आली." त्याने टोपली बाजूला केली, आणि आम्ही दोरीमागे उभे राहून पाहत राहिलो. वाळूत एक काळपट टोक हलले. मग एक पंजा, छोट्या वल्ह्यासारखा. एक पिल्लू वर आले, थांबले, पुन्हा हलले. त्याच्यामागे वाळूच हलायला लागली. बोटभर लांब, राखी-काळी पिल्ले एकमेकांच्या पाठीवरून वर येत होती. भाची हळू आवाजात मोजत होती. बत्तीसपर्यंत मोजले आणि मग ती मोजायचे विसरली.

मोजून झाल्यावर पिल्ले भरतीच्या रेघेपासून थोडी वर ठेवली गेली. थेट पाण्यात सोडत नाहीत. त्यांनी वाळूवरून स्वतः चालत जावे, कारण मोठेपणी मादी अंडी घालायला याच किनारपट्टीवर परतते, आणि जाताना या वाळूची काही खूण ती मनात धरते असे मानतात. बाळंतपणाला माहेरी यावे तसे. मोबाइलचा दिवा लावायचा नाही, हात लावायचा नाही, दोरी ओलांडायची नाही. पिल्लू उजेडाकडे जाते. भर समुद्रावरच्या उजेडाकडे गेले तर वाचते, आपल्या दिव्याकडे आले तर भरकटते. पहिल्या लाटेने चार-पाच पिल्लांना उलथून पुन्हा वाळूवर टाकले. ती पुन्हा वळली आणि पुन्हा निघाली. दुसऱ्या लाटेनंतर ती दिसली नाहीत.

या दशकात काम वेळासपुरते उरले नाही. केळशी, आंजर्ले, गुहागर, खाडीपलीकडे हरिहरेश्वर, दिवेआगर, आणि थेट सिंधुदुर्गापर्यंत गावोगाव कासवमित्र उभे राहिले. वन विभागाचा सहभाग वाढत गेला. २०१२ साली राज्याचा कांदळवन कक्ष सुरू झाला आणि पुढे कांदळवन प्रतिष्ठान आले. त्यामुळे कासवमित्रांच्या मानधनाला, हॅचरीला आणि अभ्यासाला आधार मिळाला. ज्यांनी हे काम लावले त्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने ते गावाच्या आणि शासनाच्या हाती जाऊ दिले. आपण लावलेले झाड दुसऱ्याच्या अंगणात वाढू द्यायला मोठे मन लागते.

गावातही बदल झाले. मुंबईहून शिमग्याला येणारी मुले आता मुक्काम वाढवतात, कारण पालखी घरोघरी नाचते त्याच दिवसांत पिल्ले बाहेर पडत असतात आणि घरी हात कमी पडत असतात. काही जण तर परतच आले. घरोघर पाहुण्यांसाठी वेगळे न्हाणी-संडास झाले. कोकमाचे आगळ, आंब्याची साठे, फणसपोळी, कुळथाचे पीठ, हे पूर्वी पिशवीत घालून मुंबईच्या लेकीला जाई. आता पडवीतल्या कोनाड्यात बरण्या मांडल्या जातात आणि पाहुणे त्या घेऊन जातात. आमच्याकडच्या मोहाच्या फुलांसारखेच हे. जे घरात होते, त्याला मोल आहे हे बाहेरच्याने येऊन दाखवावे लागले.

२०२० ते २०२६ : वादळ आणि प्रथमा

२०२० चा मार्च. हंगाम ऐन भरात असताना टाळेबंदी लागली. पाहुणे परत गेले, आलेले फोन नाकारावे लागले. घरटी मात्र वाळूत होती आणि अंडी फुटायची थांबणार नव्हती. कासवमित्र रोज पहाटे चालत राहिले. त्या वर्षीची पिल्ले टाळ्यांशिवाय, दोरीमागच्या माणसांशिवाय समुद्रात गेली.

त्यातून सावरायच्या आत ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आले. श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने ते जमिनीवर चढले आणि खाडीच्या दोन्ही तीरांवर त्याने काही ठेवले नाही. मंडणगड-दापोलीच्या पट्ट्यात कौले उडाली, पत्रे उडाले, विजेचे खांब आडवे झाले. कितीतरी गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. पण सगळ्यात मोठे नुकसान वाड्यांचे. पोफळी काडीसारख्या मोडल्या, नारळ मुळासकट गेले, आंबा-काजूची जुनी झाडे पडली. घर महिन्याभरात पुन्हा शाकारता येते. पोफळ फळाला यायला वर्षे लागतात.

मी बालाघाटहून फोन लावत होते आणि लागत नव्हता. लागला तेव्हा जून संपत आला होता. काकूंनी पडवीचे छप्पर गेल्याचे सांगितले. मी म्हटले, "काकू, आता पुढच्या वर्षी?" त्या म्हणाल्या, "कासव येणारच. मग पडवी करायलाच हवी." त्या वर्षी काही जुन्या पाहुण्यांनी आपापल्या परीने मदत धाडली. गावाने ती उधळली नाही, नोंद करून वाटून घेतली.

दीड वर्षाने, २५ जानेवारी २०२२ ला, वेळासच्या किनाऱ्यावर अंडी घालून परतणाऱ्या एका मादीच्या पाठीवर उपग्रहाला संदेश पाठवणारे यंत्र बसवले गेले. भारतीय वन्यजीव संस्था, कांदळवन प्रतिष्ठान आणि वन विभाग यांचा तो उपक्रम होता. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडलेला असे यंत्र पहिल्यांदाच बसत होते, म्हणून तिचे नाव 'प्रथमा'. त्याच मोसमात आंजर्ल्याला 'सावनी' आणि गुहागरला 'वनश्री', 'रेवा', 'लक्ष्मी' यांच्या पाठीवर यंत्रे बसली. इतकी वर्षे मादी लाटेत शिरली की तिची गोष्ट संपत होती. आता ती कुठे आहे हे घरी बसून कळू लागले. काकूंचा नातू रोज नकाशा पाहून सांगायचा, आणि काकू विचारायच्या, "आज कुठवर पोचली?" जणू लेक गाडीत बसून गेली आहे.

पुढच्या वर्षी गुहागरला 'बागेश्री' आणि 'गुहा' यांना यंत्रे बसली. बागेश्री खाली कन्याकुमारीला वळसा घालून श्रीलंकेकडे गेली आणि बंगालच्या उपसागरात शिरली. आणि २०२५ च्या जानेवारीत त्याच्या उलट घडले. ओडिशात २०२१ साली पंखाला धातूची खूण बसवलेली एक मादी गुहागरच्या वाळूवर अंडी घालताना सापडली. पूर्व किनाऱ्यावरची कासवे वेगळी आणि पश्चिमेची वेगळी, असे धरून चालता येत नाही, हे त्या दोघींनी दाखवले. वेळासच्या पहारेकऱ्याने राखलेले पिल्लू कुठल्या किनाऱ्यावर मोठे होईल, हे आता कुणी छातीठोकपणे सांगणार नाही.

आजचे काम

सध्या हंगाम असा चालतो. दिवाळीनंतर किनारा साफ करणे, बांबू आणि जाळी बाहेर काढणे, हॅचरी उभी करणे. मग पहिल्या घरट्याची वाट. अलीकडे ते पूर्वीपेक्षा उशिरा मिळते, आणि कासवमित्र त्याबद्दल काळजीने बोलतात. एकदा माग दिसला की रोजचा पहारा. फेब्रुवारीच्या सुमारास पिल्ले यायला लागतात, पाहुण्यांचे फोन सुरू होतात. किती घरट्यांची मुदत जवळ आली आहे ते पाहून पाहुण्यांना दिवस सांगितले जातात, घरे वाटून दिली जातात. मार्च-एप्रिल हा गर्दीचा काळ. शाळांच्या सहली येतात, पक्षी पाहणारे येतात, बाणकोटचा किल्ला आणि हरिहरेश्वर करून जाणारे येतात. गर्दी वाढली तशी शिस्तही वाढवावी लागली. दोरी पूर्वीपेक्षा लांब गेली आहे, आणि ती तशीच राहावी असे मलाही वाटते. जवळून फोटो मिळाला नाही म्हणून रुसणारा पाहुणा दोन दिवसांत निघून जातो, पिल्लाला मात्र जन्मभर त्या पाण्यात काढायचा असतो. हजारात एखादेच मोठे होते, असे म्हणतात.

मेच्या अखेरीस शेवटचे घरटे फुटते किंवा उकरून तपासले जाते. न फुटलेली अंडी मोजून नोंद होते. आमच्या मुक्कीचे फाटक जुलै ते सप्टेंबर बंद राहते, इथे त्याच्याही आधी सगळे आवरावे लागते. पावसाळ्यात समुद्र हॅचरीच्या जागेपर्यंत वर येतो आणि ती वाळू घेऊन जातो. दर हंगामात नवी वाळू, नवी जागा.

यंदा मी मेमध्ये होते, शेवटच्या आठवड्यात. पाहुण्यांत मी एकटीच उरले होते. किनाऱ्यावरून जाळी गुंडाळून आणली होती, ती अंगणात पसरून तिच्यातला कचरा मुले काढत होती. काकूंनी पडवीतल्या सगळ्या गोधड्या वाडीत दोरीवर टाकल्या होत्या. नव्याने लावलेल्या पोफळी आता माझ्या खांद्याएवढ्या झाल्या आहेत, त्यांच्या मधून त्या दोऱ्या बांधलेल्या. आभाळ भरून आले तसे सूनबाई धावत आल्या, आणि आम्ही तिघींनी मिळून एकोणीस गोधड्या आत घेतल्या.